कुणाच्या पोटात काय

७ मे

दार्मी ती काम करते त्या हॉटेलातून ही डायरी घेऊन आली. जाड पुठ्ठ्याची, वर समुद्राचं चित्र. "बापा, धंदा करायचा म्हणजे रोज लिहायला लागतं," असं म्हणाली. काय लिहायचं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मुलीला वाटतं बापाला सगळं येतं. ते वाटणं कशाला मोडा.

धंदा असा की तिठ्यावर, जिथे वाळूचे ट्रक थांबतात, तिथे मी आणि सुवेता लावारची टपरी टाकणार. गावात लग्न असो, मयत असो, देवळाचा उत्सव असो, पहाटे सगळे पुरुष सुऱ्या घेऊन मांस बारीक करायला बसतात आणि मसाला कालवायला मी बसतो. लावार म्हणजे डुकराचं मांस, खोबरं, शेंगा, आल्यासारख्या गलांगलचा मसाला आणि वरून ताजं रक्त. थोडं शिजलेलं, थोडं कच्चं. शेजारच्या गावचे लोकसुद्धा म्हणतात, पान दार्मीचा हात लागल्याशिवाय देव जेवत नाहीत. माझं नाव नेंगा वीर्ता. पण मुलगी झाली त्या दिवसापासून मी 'पान दार्मी', दार्मीचा बाप. नेंगा म्हणून हाक मारणारं आता कोणी उरलं नाही.

सुवेता माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, किंतेनचा धाकटा भाऊ. गल्लीपलीकडे राहतो, ढोल वाजवतो. मला बेली म्हणतो, थोरल्या भावाला म्हणतात तसं. गावात माझ्या खालोखाल जीभ त्याची. मी बोटाने कालवतो, बोटाने चाखतो आणि मग एक बोट भरून सुवेताच्या तोंडात. तो डोळे मिटतो आणि म्हणतो, "बेली, गलांगल कमी." हा मान मी दुसऱ्या कोणाला देत नाही. शेजारचा पान लांद्रा किती दिवसांपासून टपून बसलाय, पण त्याची जीभ म्हणजे चपलेचा तळ.

९ मे

किंतेनशी भांडण. कारण संडास.

गेल्या वर्षी दार्मीने पांढऱ्या फरशा लावून संडास बांधून दिला. इतकी देखणी जागा त्या कामासाठी वापरायला जीव होत नाही. त्यात मी टपरीची भांडी ठेवली आहेत.

"भांडी संडासात आणि तू बांबूच्या बेटात!" किंतेन म्हणाली. "लोक काय म्हणत असतील?"

"लोक पण बांबूतच असतात. आणि बांबूत वारा असतो."

 मी वर सांगितलं की आपली काळी डुकरीण बघ, किती माया, मी बांबूत निघालो की शेपूट हलवत मागे येते.

"ती मायेने येत नाही," किंतेन म्हणाली.

मी विषय बदलला.

तब्येत मात्र झकास आहे. भूक अशी लागते की दोन ताटं संपवून तिसऱ्याकडे बघतो, आणि अंगावर काही चढत नाही. कमरेच्या सारोंगची गाठ उलट घट्ट मारायला लागते. या वयात असं पोट म्हणजे देवाची कृपा. एक तक्रार आहे. बांबूत गेलं की खोबऱ्याच्या फिती दिसतात, चपट्या, पांढऱ्या, नखाएवढ्या. किंतेन खोबरं नीट किसत नाही. घरात चालून जातं, धंद्यात चालणार नाही.

१४ मे

आज टपरीसाठी रंगीत तालीम होती. डुकरीण कापली. मला वाईट वाटलं, तिचा माझ्यावर जीव होता.

मांडीचा तुकडा उघडला तर आत पांढरे दाणे. एक नाही, दोन नाही, पेरल्यासारखे. सुवेता सुरी हातात धरून बघत राहिला.

"बेली, हे काय?"

"तांदूळ," मी म्हणालो. आमच्याकडे अशा डुकराला तांदळाचं डुक्कर म्हणतात. माझे वडील तर म्हणायचे की दाणे असलेलं मांस गोड लागतं. कोंडा जास्त खाल्ला की असं होतं.

किंतेन आली, बघितलं आणि टोपली उचलली. "पुरून टाकते."

"अख्खं डुक्कर?"

"अख्खं."

"अगं, चांगलं शिजवून..."

"तू? शिजवून?" असं म्हणून ती निघून गेली. मागच्या बाजूला खड्डा खणला, स्वतःच्या हाताने वाढवलेलं जनावर त्यात टाकलं आणि वर चुना टाकला. मी आधीच थोडं मांस मसाल्यात कालवून चाखलं होतं हे तिला सांगितलं नाही. खरंच गोड होतं.

२१ मे

आज लिहायला हात चालत नाही.

संध्याकाळी गावच्या मंडपात आमच्या वाद्यमेळाची, गामेलानची तालीम होती. सुवेता ढोल मांडीवर घेऊन बसला होता. मी खाली पायरीवर बसून टपरीचं नाव काय ठेवावं यावर बोलत होतो. 'दोन भाऊ' असं मला सुचलं होतं. वर बघतो तर सुवेताची मान एका बाजूला वळत चाललेली, कोणी हळूहळू पिळल्यासारखी. मला वाटलं, नाव आवडलं नाही. मग ढोल पायऱ्यांवरून गडगडत खाली आला आणि त्याच्यामागे सुवेता. अंग लाकडासारखं, मग झटके, तोंडाला फेस. निरी, त्याची बायको, पलीकडून धावत आली आणि तिने त्याचं डोकं मांडीत घेतलं. बाकी सगळे उभे होते. मीही उभा होतो.

शुद्धीवर आल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बेली, मी पडलो का?"

"नाही रे," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

२३ मे

जेरो म्हातारीकडे नेलं. गावाची देवऋषीण ती, माझ्या जन्माच्या वेळीही हीच होती. धुरात डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "जवळच्या माणसाने केलंय. हसत येतो. तुमच्या ताटातलं त्याला माहीत असतं."

निरीने माझ्याकडे बघितलं. मी निरीकडे. दोघांच्या तोंडून एकदम निघालं, "पान लांद्रा!"

जवळ राहतो. सारखा हसतो. आणि आमच्या टपरीवर त्याचा डोळा आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एका काळ्या कोंबडीने हे निस्तरेल असं म्हातारी म्हणाली. कोंबडी दिली.

२५ मे

कोंबडीने निस्तरलं नाही. पहाटे पुन्हा झटका आला, यावेळी जीभ चावली गेली. किंतेनने कोणाला न विचारता दार्मीला फोन लावला, दार्मीने गाडी पाठवली आणि सुवेताला शहरातल्या इस्पितळात नेलं.

निरी जाताना लांद्राच्या दारात थुंकली. मी थांबवायला हवं होतं, पण मलाही जरा बरं वाटलं.

२८ मे

शहरात जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंचं नाव सागुंग. दिसायला दार्मीएवढी, पण बोलायला लागली की आजी. सुवेताच्या डोक्याचा फोटो उजेडात धरला. मेंदूत पांढरे ठिपके.

"तांदूळ," माझ्या तोंडून गेलं.

"बरोबर," ती म्हणाली. "तुमच्या डुकरात असतात तेच. पण डोक्यात."

मग तिने समजावलं. दाण्याचं कच्चं मांस माणसाने खाल्लं की पोटात पट्टकृमी वाढतो. लांबच लांब, फितीसारखा. त्या माणसाला कधी कधी काही कळतही नाही. पण त्याच्या शौचातून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती अंडी डुकराने खाल्ली की डुकराच्या अंगात दाणे. माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या अंगात, मेंदूतसुद्धा.

"म्हणजे सुवेताने वाईट मांस खाल्लं?"

"मांसातून मेंदूत हे होत नाही. अंड्यांमधून होतं. याच्या जवळपासच्या कोणाच्या तरी पोटात कृमी आहे. न धुतलेले हात, त्या हातांनी दिलेलं खाणं. तो माणूस सापडला पाहिजे, नाहीतर उद्या दुसरा कोणी पडेल."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जेरो म्हातारीने हेच तर सांगितलं होतं! फक्त जादू नाही, जंत. लांद्रा कच्चं रक्त वाटी वाटी पितो. आणि नखं तर अशी की त्यात भाताचं रोप लावावं.

सुवेता खाटेवर होता. गोळ्यांनी जड झालेला. "टपरीचं काय?" त्याने विचारलं. मी सांगितलं, आधी अपराधी पकडतो.

२ जून

डॉक्टर सागुंग गावात आली. मंडपात सगळ्यांना बसवलं आणि माणशी डबी वाटली. ज्याने त्याने आपापलं भरून द्यायचं, तपासणी होणार. बायका हात तोंडाशी धरून हसत होत्या, पुरुष छताकडे बघत होते.

"गोळा कोण करील?" तिने विचारलं.

सगळी बोटं माझ्याकडे. "पान दार्मी. आमच्या पोटात काय जातं ते त्यालाच माहीत."

"मग बाहेर काय येतं तेही कळू दे," कोणीतरी मागून बोललं. मोठा हशा झाला. मला मान वाटला.

मग तिने एक बरणी दाखवली. आत पाण्यात पांढरे चपटे तुकडे. "असं काही दिसलं तर न लाजता सांगा." मी पुढे वाकून नीट बघितलं. हुबेहूब किंतेनच्या खोबऱ्यासारखं. घरी आल्यावर मी तिला तेच सांगितलं, की बघ, तू खोबरं इतकं जाड किसतेस की लोकांना कृमीचा भास होईल, टपरीची बदनामी होईल.

किंतेनने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग किसणी उचलून माझ्या पुढ्यात ठेवली. "आजपासून या घरात खोबरं नाही. पाहिजे तर तू किस."

बायकांना धंद्यातलं बोललेलं सहन होत नाही.

५ जून

डब्या येत आहेत. कोणी केळीच्या पानात गुंडाळून देतं, कोणी पिशवीत, कोणी मुलीच्या हाती पाठवतं. जेरो म्हातारीने तर डबीवर फूल ठेवून दिलं.

लांद्रावर पाळत ठेवली आहे. आज तो ओढ्याकडे निघाला तसा मीही निघालो. तो थांबला की मी थांबत होतो. शेवटी तो वळला.

"पान दार्मी, तुला काय पाहिजे?"

"काही नाही. वारा खातोय."

"माझ्या पाठीमागचा?"

"गावाचं काम आहे."

तो जवळ आला. हसत नव्हता. "माझ्या घरी कोणी येईनासं झालंय. परवा माझ्या नातवाच्या बारशाला अर्धी वस्ती फिरकली नाही. तुला माहीत आहे ना का ते?"

मी म्हणालो की लोक बोलतात, मी काय करू. त्याने शर्टाच्या खिशातून डबी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घे. आणि नीट बघायला सांग."

डबी हातात घट्ट धरून मी घरी आलो. मला वाटलं होतं की मला आनंद होईल.

८ जून

डॉक्टर सागुंगचा फोन. तपासणी चालू आहे, पण आमच्या वस्तीतली एक डबी कमी आहे. मी म्हटलं, शोधतो. दिवसभर घरोघर फिरलो. सगळ्यांनी दिल्या होत्या. काहींनी तर उगाच दोन दोन.

लांद्राची तपासून झाली आहे. स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं तेव्हा मी पुन्हा विचारलं. म्हणाली, "इतकी स्वच्छ डबी क्वचित बघायला मिळते." आश्चर्य आहे.

पहाटे बांबूत पुन्हा खोबरं दिसलं. किंतेन ऐकायचं नाव घेत नाही.

तेच मी तिला संध्याकाळी सांगायला गेलो. ती अंगणात नारळाच्या पातीचे द्रोण करत बसली होती, उद्याच्या नैवेद्याला. म्हटलं, एक डबी सापडत नाही आणि वर तुझं खोबरं.

तिने सुरी बाजूला ठेवली. "नेंगा," म्हणाली.

लग्न झालं त्या वर्षानंतर तिने मला नावाने हाक मारलेली आठवत नाही. मी खाली बसलो.

"डबी कोणाची राहिली?"

"तेच तर शोधतोय."

"तू दिलीस?"

"मी गोळा करणारा."

"बरं," ती म्हणाली. "आणि या घरात खोबरं कधीपासून नाही?"

मी बोटांवर दिवस मोजायला लागलो.

"ट्रकवाल्यांकडे खाल्लंस?"

"नाही."

"मंडपात?"

"काही कार्यच झालं नाही."

तिने पुन्हा सुरी घेतली आणि द्रोण वळायला लागली.  मग माझ्या लक्षात आलं की ती कधीपासून हे जाणून आहे, आणि मी आपण होऊन म्हणावं म्हणून थांबली होती.

९ जून

बांबूत गेलो. काडीने उलटून नीट बघितलं.

खोबरं नाही.

१० जून

दिवसभर उजवा हात सारोंगमध्ये गुंडाळून बसलो होतो. किंतेनने विचारलं, हाताला काय झालं. म्हटलं, काही नाही.

काही नाही कसं? हाच हात. मंडपात, लग्नात, मयतीत. एक बोट माझ्या तोंडात, एक सुवेताच्या. बांबूतून यायचो, हात सारोंगला पुसायचो, बसायचो. दुसऱ्या कोणाला मी हा मान कधी दिला नाही. सुवेताला दिला. तो डोळे मिटून घ्यायचा.

इथे खरं लिहितो. सकाळी मी असा विचार केला की गोळी गुपचूप घ्यावी. सागुंग कोणाला सांगणार नाही, किंतेनही नाही. कृमी जाईल, गाव विसरेल, टपरी होईल. दुपारपर्यंत हा विचार मला चांगला वाटत होता.

मग लांद्राचा नातू आठवला. पोराने काय केलं होतं की त्याच्या बारशाला लोक आले नाहीत?

संध्याकाळी डबी भरून किंतेनच्या हातात दिली. तिने ती ओच्यात घेतली आणि निघाली. फाटकापाशी वळून म्हणाली, "भांडी संडासातून काढ."

काढली.

१२ जून

सरकारी दवाखान्यात गोळ्या चावून खाल्ल्या. चव खडूसारखी. नंतर जुलाब. त्याचं वर्णन डायरीत सुद्धा करणार नाही, फक्त इतकं की संडासाबाहेर किंतेन, दार्मी आणि डॉक्टर सागुंग अशा उभ्या होत्या जणू बाळंतपण आहे. दार्मी दारातून ओरडत होती, "बापा, झालं का?" दवाखान्यात औषधाला आलेले सगळे लोक वाट बघत होते.

झालं. सागुंगने हातमोजे घालून टबात उलगडून बघितलं. कमरेला दोन-तीन वेढे बसतील एवढा लांब, आणि एका टोकाला केसासारखा बारीक होत गेलेला. ती भिंग लावून बघत राहिली आणि मग टाळीच वाजवली. "डोकं आलं! डोकं राहिलं असतं तर पुन्हा वाढला असता."

खोटं कशाला बोलू, मला क्षणभर अभिमान वाटला. एवढा मोठा कोणाच्या पोटात असेल गावात? मग सुवेता आठवला आणि मी टबाकडे पाठ केली.

"हा सगळा माझा भात खात होता," किंतेन म्हणाली. "मी म्हणायचे, माणूस दोघांचं खातो."

१५ जून

मंडपात सगळ्यांना बोलावलं. सागुंग म्हणाली होती, "नाव न घेता मीच सांगीन." मी म्हटलं, नाव घेतलं नाही तर नाव लांद्राचंच राहील.

उभा राहिलो. मसाल्याची मापं सांगायला मी इथे कितीदा उभा राहिलोय. आज मापं नव्हती.

"सुवेताच्या डोक्यात जे आहे ते माझ्या पोटातून गेलं," मी म्हणालो. "माझ्या हातून. जेरोने जादू म्हटलं, मी लांद्रा म्हटलं. दोन्ही खोटं. मी होतो."

 छतावर पाल चुकचुकली. निरी उठली आणि बाहेर गेली.

मग लांद्रा उभा राहिला. "माझी डबी?"

"स्वच्छ."

"मोठ्याने सांग."

"पान लांद्राची डबी स्वच्छ!"

"अजून मोठ्याने. तिकडे मागच्या लोकांना माझ्या नातवाचं बारसं आठवू दे."

मी ओरडलो. इतक्या मोठ्याने की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मागून कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग सगळा मंडप. लांद्रा हसला नाही, पण खाली बसला.

सभा संपल्यावर सागुंगच्या टेबलाभोवती पुरुषांची गर्दी. एकेक जण कानाशी लागून विचारत होता. "बाई, खोबऱ्यासारखं दिसतं म्हणजे नक्की कसं?"

२० जून

सुवेता घरी आलाय. झटके थांबलेत, गोळ्या बराच काळ घ्याव्या लागतील.

माझ्याशी बोलत नाही. गल्लीत समोरासमोर आलो तर तो शेजारच्या कुंपणाची पानं मोजायला लागतो. किंतेन त्याला डबा नेते. झाकण उघडण्याआधी तो विचारतो, "मबोक, कालवलं कोणी?" मबोक म्हणजे थोरली बहीण; तिने शपथेवर सांगायचं, "मी." मग खातो.

बरोबर आहे त्याचं. तरी रोज डबा परत आला की मी बघतो, किती उरलंय.

संडासात वारा नाही. सवय होईल.

२९ जून

दुपारी फाटक वाजलं. सुवेता. काठी टेकत, बारीक झालेला. अंगणात येऊन चौथऱ्यावर बसला. मी उभाच राहिलो, कारण बसायला सांगणारा तो की मी ते कळेना.

"निरी म्हणते," तो म्हणाला, "लग्न झाल्यापासून ती सांगतेय की माझ्या डोक्यात सगळे किडे तुझे. टपरीचा किडा तुझा, झुंजीच्या कोंबड्याचा किडा तुझा. आता म्हणते, डॉक्टरकडे पुरावाच मिळाला."

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. किंतेन आतून बाहेर आली, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेली.

"रागावलायस?" मी विचारलं.

"हो."

"किती?"

"कधी कधी तुझा गळा दाबावासा वाटतो." त्याने काठीने मातीत रेघ ओढली. "ढोल वाजवायला सागुंगने नको म्हटलंय. पायरीवर तर मुळीच बसायचं नाही म्हणे. हात नुसते बसलेत मांडीवर. त्यांना काही सुचत नाही."

मी त्याच्या हातांकडे बघितलं.  टपरी सोडून दिली, असं त्याला सांगितलं. माझ्या हातचं आता कोण खाणार.

तो चिडला. खरोखर चिडला, काठी आपटली. "माझं डोकं चाळणी झालं आणि वर टपरी पण नाही? हे बरंय तुझं! बेली, मला काहीतरी मिळू दे यातून."

त्याने बेली म्हटलं ते मी नंतर भात खाताना ऐकलं.

११ जुलै

टपरीची तयारी. सागुंगने येऊन पाहणी केली. साबण, नखं, पाण्याचा नळ. मांस चुलीवर चरचरून शिजलेलं, रक्तसुद्धा परतलेलं, कालवायला लाकडी पळा. पळ्याने लावार कालवणं म्हणजे काठीने गाल कुरवाळणं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "कुरवाळा."

लांद्रा बघायला आला. शिजवलेल्या रक्ताचा वास घेतला आणि म्हणाला की झाडाच्या सालीसारखा आहे. मग जिरं, कफिर लिंबाची पानं आणि लसूण कधी घालायची यावर आमचं जोरदार वाजलं. त्याचं एक म्हणणं बरोबर निघालं. कोणतं ते मी इथे लिहिणार नाही.

किंतेनने नवं पिल्लू आणलंय. पक्क्या गोठ्यात ठेवते. मी बाहेर पडलो तर ते मागे येत नाही.

१८ जुलै

आज टपरी उघडली.

पहाटेपासून उभा. भात गरम, लावार पातेल्यात झाकलेला, पाटी लावलेली. नाव शेवटी किंतेनने ठेवलं, 'शिजलेलं'. मला पसंत नव्हतं.

ट्रक आले, थांबले, ड्रायव्हर उतरले आणि पलीकडच्या बाईकडे शेवया खायला गेले. गावचे लोक जाताना हात जोडत होते, हसत होते, "पान दार्मी, छान केलंयस हं!" म्हणत होते आणि चालत राहत होते. कोणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही छान म्हटलं असतं आणि चालत राहिलो असतो.

ऊन वर आलं. पातेल्यावर झाकण तसंच. किंतेन म्हणाली, चल आवरू.

तेवढ्यात वळणावर काठी दिसली. सुवेता. मागे निरी छत्री धरून, तोंड फुगवून. तो सरळ आला, रस्त्याकडे तोंड करून बाकावर बसला, अगदी सगळ्यांना दिसेल असा. "ताट."

 भात वाढला, लावार वाढला. त्याने काठी बाकाला टेकवली आणि खायला लागला. मोठे मोठे घास, हनुवटीवर रस्सा. पलीकडचे ड्रायव्हर चमचे हातात धरून बघायला लागले. लांद्राही कुठून तरी येऊन रस्त्यापलीकडे उभा. 

आणि खाता खाता सुवेता मध्येच थांबला. घास हातातच राहिला. मान हळूच एका बाजूला झुकली, डोळे मिटले. निरीची छत्री खाली पडली. मी बाकाची कड धरली, आणि किंतेन धावत त्याच्या पाठीशी पोचली.

सुवेताने डोळे उघडले. आमच्या सगळ्यांकडे बघितलं, वेड्यांकडे बघावं तसं.

"मीठ दे," म्हणाला.